शिंप्याचा भविष्यकाळ

३ मार्च, सोमवार

उद्यापासून मी इंग्रजी शिकणार आहे. वय एकसष्ट. या वयात लोक गुडघे धरून बसतात, मी पाटी-पेन्सिल धरली. कारण सांगायची लाज वाटते, पण स्वतःच्या वहीपुढे कसला आलाय पडदा.

चौकात नवीन हॉटेल उघडतंय. तिथल्या वाढप्यांसाठी चाळीस जाकिटं शिवायचं काम आपल्या दुकानाला मिळालं. मॅनेजर बाहेरून आलेला, त्याला इंग्रजीशिवाय दुसरं काही येत नाही. दर दोन वाक्यांनी मनगटाकडे बघतो, म्हणून मी त्याचं नाव घड्याळसाहेब ठेवलंय. शुक्रवारी त्याने नमुन्याचं जाकीट कधी मिळेल म्हणून विचारलं. मी छातीठोकपणे म्हणालो, "आय ॲम गिव्हिंग टुमारो." म्हणजे आपलं 'उद्या देतो'. पस्तीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलोय आणि सगळ्यांना त्याचा अर्थ कळतो. आठवड्याने एक चक्कर मारायची, मग आणखी एक, मास्तरांची तब्येत विचारायची, तिसऱ्या खेपेला कपडा मिळतो. हा गृहस्थ शनिवारी सकाळी नऊच्या ठोक्याला गाडी घेऊन दारात! नमुना अजून ताग्यातच होता.

सूनबाईने मध्ये पडून त्याच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नमुना रविवारी आम्ही दोघांनी मिळून केला, म्हणजे मी सांगितलं आणि तिने केला. साहेब खूश. चाळीस जाकिटं २७ तारखेला, गुरुवारी द्यायची ठरली. नंतर ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही जे बोललात ना, त्याने त्यांना वाटलं की सगळं पक्कं ठरलंय. म्हणून ते आले." बोलली नम्रपणेच. पण दुकानाचा मालक मी, आणि माझं बोलणं सुनेने दुसऱ्याला समजावून द्यायचं, हे काही बरं दिसत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडबाईंना विचारलं. म्हणाल्या, रोज सकाळी सात ते साडेआठ या, भविष्यकाळापासून सुरू करू, तुमचा सगळा घोटाळा तिथेच आहे. फी नको म्हणाल्या. माझ्याकडे आठ महिने पडलेला त्यांचा कोट तेवढा द्या म्हणाल्या. मी म्हटलं, उद्या देतो.

४ मार्च, मंगळवार

पहिला धडा 'विल'. बाई म्हणाल्या, हा शब्द तिथल्या तिथे सुचलेल्या गोष्टीसाठी, वचनासाठी आणि अंदाजासाठी. फोन वाजला, 'मी घेतो' म्हणायचं, तर 'विल'. मी म्हटलं, बाई, हा तर शिंप्यांचाच शब्द. त्या हसल्या नाहीत. गृहपाठ दिला, रोज उद्याबद्दल पाच वाक्यं लिहायची. मला उद्याबद्दल काही सुचत नाही, म्हणून पाचऐवजी दोन लिहितो आणि उरलेल्या पानावर आजचं लिहितो. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. एरवी मी तेव्हा आडवा होतो, आता काटिंगच्या टेबलावर ही वही घेऊन बसतो. सूनबाई दोनदा डोकावून गेली. "बाबा, आज झोपत नाही?" म्हणाली. सासऱ्याच्या विश्रांतीची एवढी काळजी करणारी सून शोधून सापडणार नाही.

दुकानातला दिवा मंद झालाय. खडूची रेघ धड दिसत नाही. हिला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सांगितलं बदलायला.

६ मार्च, गुरुवार

'गोइंग टू' सुरू झालं. आधीच मनात ठरवून ठेवलेली गोष्ट, किंवा समोर चिन्हं दिसताहेत अशी गोष्ट. मुलगा भिंतीच्या कडेवर चालतोय आणि तोल जातोय, तर "ही इज गोइंग टू फॉल." मी विचारलं, बाई, नुसतं 'विल फॉल' म्हटलं तर? त्या म्हणाल्या, तर तो कधीतरी पडेल, घाई नाही. हा फरक मला फार आवडला.

सूनबाईने आज विषय काढला. "बाबा, हॉटेलच्या जाकिटांचं काटिंग मी करू का?" गेल्या वर्षी एकदा विचारलं होतं, हे दुसऱ्यांदा. आमच्या धंद्यात रीत आहे. कापडाला पहिली कात्री लावतो तो मास्तर, बाकीचे शिवतात, काजं करतात, बटणं लावतात. मी स्वतः नऊ वर्षं काजं केली तेव्हा माझ्या उस्तादांनी मला कापड कापू दिलं, तेही उशीचा अभ्रा. सूनबाईला येऊन चारच वर्षं झालीत. हात चांगला आहे, नाही असं नाही. पण रीत ती रीत. मी म्हणालो, "बघू."

'बघू'ला इंग्रजीत काय म्हणतात ते बाईंना विचारलं. म्हणाल्या, "वुई विल सी. आणि तिकडेही त्याचा अर्थ 'नाही' असाच होतो."

१० मार्च, सोमवार

चमत्कार म्हणावा असं घडलं. धडा संपवून खाली आलो तर बाईंचा कोट हँगरला, इस्त्रीसकट तयार! अस्तर लावलेलं, बटणं घट्ट. मी हा कधी पूर्ण केला? खूप आठवलं, आठवेना. हिला विचारलं तर म्हणाली, "अहो, तुम्हीच केला असेल. इंग्रजीच्या नादात तुम्हाला हल्ली कुठे काय आठवतं." खरंच असेल. अभ्यासाने डोकं भरलं की हात आपोआप चालतात, असं माझे उस्ताद म्हणायचे.

मापांच्या वहीतही एक मौज. साहेबांनी स्वतःसाठीही एक जाकीट सांगितलंय. त्यांच्या पोटाचं माप मी छत्तीस लिहिलं होतं, आज बघतो तर अडतीस. अक्षरही जरा गोल, सुबक. रोज इंग्रजी गिरवल्याने वळण सुधारलं असणार. बाईंना सांगितलं, त्यांनी कोटाच्या आतली शिलाई बराच वेळ निरखली आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या घरात फार गुणी माणसं आहेत." मी म्हटलं, तुमचीच कृपा.

दिवा हिने बदलला. काही फरक नाही. हल्ली दिव्यांत दम राहिलेला नाही.

१३ मार्च, गुरुवार

आजचा धडा: ज्या गोष्टी दुसऱ्या माणसाशी बोलून, वार-तारीख धरून ठरल्यात, त्यांना चालू वर्तमानकाळ लावायचा. "आय ॲम मीटिंग द डेंटिस्ट ऑन मंडे." म्हणजे दातवाल्यालाही ते माहीत आहे, तो वाट बघतोय. म्हणजे त्या दिवशी मी घड्याळसाहेबांना केवढं मोठं सांगून बसलो होतो! गाडी घेऊन आला यात त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नाही. नुसत्या 'देतो'वर मी पस्तीस वर्षं काढली आणि इथे तर 'देतो'चं गाडीभाडं भरावं लागतं.

घरी आलो तर सूनबाई गॅलरीत फोनवर बोलत होती. इंग्रजीत! मी मुद्दाम दाराशी उभा राहिलो, तेवढाच सराव. ती म्हणाली, "येस, सर. आय ॲम जॉइनिंग ऑन द फर्स्ट." मला एवढा आनंद झाला! अगदी आजचाच धडा, शब्दन्‌शब्द बरोबर. एक तारखेपासून कसला तरी वर्ग लावतेय वाटतं, शिवणाचा नाहीतर व्यायामाचा. लावू दे. चिरंजीव जहाजावर इंजिनं दुरुस्त करत चार-चार महिने बाहेर असतो, पोरीला विरंगुळा हवाच.

१४ मार्च, शुक्रवार

बाईंना ते वाक्य उदाहरण म्हणून ऐकवलं. शाबासकी मिळेल वाटलं होतं. त्यांनी पुस्तक मिटलं. "हे वाक्य कुणाचं, मास्तर?" मी म्हटलं, आमच्या सूनबाईचं. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही काय करणार आहात?" मी लगेच ओळखलं की हा 'विल'चा प्रश्न. तिथल्या तिथे सुचलेलं उत्तर हवं. म्हणालो, "आय विल ड्रिंक टी."

बाईंनी चहा टाकला, पण चेहरा काही खुलला नाही. निवृत्तीनंतर माणसं जरा उदास होतात.

१७ मार्च, सोमवार

आता मी खऱ्या इंग्रजीत शिरलो. 'विल हॅव फिनिश्ड'! अमुक दिवस उजाडेल तेव्हा अमुक काम होऊन गेलेलं असेल. पुढे उभं राहून मागे बघायचं. असला काळ शिंप्यांच्या कुळात आजवर कुणी वापरला नसेल. बाई म्हणाल्या, जपून वापरा, याला तारीख चिकटलेली असते.

मी शुक्रवारीच हे पुढचं पान वाचून ठेवलं होतं आणि घड्याळसाहेबांना फोन ठोकला होता की सोमवारपर्यंत जाकिटांच्या चाळीसही पाठी कापून, जोडून झालेल्या असतील. आणि आज बघतो तर खरंच झाल्यात! कापल्या मी, पण मला वाटलं होतं काही रेघा वाकड्या गेल्यात. तर तसं काही नाही, कडा अशा सरळ की पट्टी लावून बघाव्यात. रात्रभर पडून राहिलं की कापड बसतं बहुतेक. शिवाय बोललेला शब्द खरा होतो ही काय साधी गोष्ट आहे? इतकी वर्षं मी चुकीच्या काळात बोलत होतो म्हणून माझी कामं रखडत होती, असा माझा आता पक्का सिद्धान्त आहे. हिला सांगितला. ती पदर तोंडावर धरून आत गेली. मागून सूनबाईच्याही हसण्याचा आवाज आला. बायकांना सिद्धान्त पचत नाहीत.

१९ मार्च, बुधवार

सूनबाई दोन दिवस मैत्रिणीकडे गेली. जाताना म्हणाली, "बाबा, जाकिटांच्या पुढच्या बाजूचं कापड मी येईपर्यंत उघडू नका. मी शुक्रवारी संध्याकाळी येते, मग आपण दोघं मिळून कापू." दोघं मिळून! पस्तीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला मदतनीस हवा म्हणे. मनाला लागलं. घड्याळसाहेबांना फोन करून सांगून टाकलं, "बाय फ्रायडे आय विल हॅव कट एव्हरीथिंग."

२१ मार्च, शुक्रवार, दुपार

झालं! ऐंशीच्या ऐंशी तुकडे कापून टेबलावर. काल दिवसभर आणि आज सकाळी धडा बुडवून. वेळ वाचवायला या वेळी घडी घातली नाही, फॅक्टरीवाले लावतात तसे कापडाचे सपाट थर लावले आणि कापत सुटलो. तोंडाने 'आय विल हॅव कट, यू विल हॅव कट, ही विल हॅव कट' म्हणत होतो, एका काळात चार तुकडे निघायचे. दिवा तेवढा चांगला हवा होता. हिला म्हटलं, आता बघ, सूनबाई येईल आणि तोंडात बोट घालेल.

 हिच्या चेहऱ्यावर कौतुक दिसलं नाही याचं वाईट वाटलं.

२२ मार्च, शनिवार

ऐंशीच्या ऐंशी डावे.

२३ मार्च, रविवार

काल एका ओळीपलीकडे लिहवलं नाही. आज लिहितो.

या कापडाला एक बाजू चकचकीत आहे आणि एक मंद. चकचकीत ती सुलटी. घडी घालून कापलं की एक तुकडा डावा आणि एक उजवा असा जोडा आपोआप निघतो. मी थर लावले ते सगळे सुलटी बाजू वर करून, आणि कागदी नमुना एकदाही पलटला नाही. शिकाऊ पोराच्या हातून अशी चूक झाली असती तर मी त्याला दुकानातून हाकलून दिलं असतं. जाकिटाला एक डावी आणि एक उजवी बाजू लागते. माझ्याकडे चाळीस जाकिटांच्या दोन-दोन डाव्या बाजू होत्या. कापड संपलेलं, आणि तसलं कापड गिरणीतून मागवायचं तर तीन आठवडे.

सूनबाई शुक्रवारी संध्याकाळी आली, पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने दोन तुकडे उचलून एकमेकांशेजारी धरले. दोन्ही डावे. मी ओरडलो. होय, मीच ओरडलो, दिव्यावर, गिरणीवर, मग तिच्यावरही, की घरात कामाची घाई असताना मैत्रिणीकडे जायचं काय नडलं होतं. तेव्हा ही पुढे आली. इतक्या वर्षांत हिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"मैत्रिणीकडे नव्हती गेली ती," म्हणाली. "रेडिमेड कपड्यांच्या फॅक्टरीत काम समजून घ्यायला गेली होती. तिथे तिला काटिंग-मास्तर म्हणून घेतलंय, एक तारखेपासून. इथे तुम्ही बघू बघू करत बसा. आणि तुम्हाला काय वाटतं, तो कोट कुणी पुरा केला? पाठी कुणी सरळ केल्या? तुम्ही वर जाऊन विल-विल करत होतात, तेव्हा ही पोर रोज सात वाजता खाली येऊन तुमचं निस्तरत होती. दिवे मी तीनदा बदलले. आता डोळे कुठून बदलून आणू?"

मला आधी राग आला, खोटं का लिहा. मग रागापेक्षा मोठं काहीतरी आलं आणि मी खुर्चीत बसलो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते दोघींनी बघितलं. माझा सिद्धान्त, माझं सुधारलेलं अक्षर, रात्रभरात बसणारं कापड! आणि ते 'जॉइनिंग ऑन द फर्स्ट', ज्याचं मी बाईंना कौतुक सांगितलं होतं. शाळेतल्या ढ मुलासारखा मी सगळी वाक्यं पाठ करत होतो आणि घरात काय चाललंय ते मला वाचता येत नव्हतं.

काल दिवसभर दुकान बंद ठेवलं. दुपारी सूनबाई माझ्यासमोर येऊन बसली. तिने एक तुकडा घेतला आणि उलटा केला. डावा तुकडा उलटा केला की उजवा होतो, फक्त मंद बाजू वर येते. तिने तो एका सुलट्या तुकड्याशेजारी ठेवला. एक बाजू चकचकीत, एक मंद, रंग एकच. "बाबा, सगळ्या चाळीस जाकिटांची हीच तऱ्हा करू. खिशाच्या पट्ट्या उलट करू, मंद बाजूवर चकचकीत, चकचकीत बाजूवर मंद. मुद्दाम केल्यासारखं दिसेल." संध्याकाळपर्यंत तिने एक उभं केलं. मी टाचण्या देत होतो.

सुंदर झालं होतं. माझ्या डोक्यात शंभर वर्षांत आलं नसतं. मी लगेच म्हणालो, साहेबांना सांगू की ही नवीन फॅशन आहे. ती म्हणाली, "तुम्हाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, बाबा. मी एक तारखेला जायच्या आत शिवून देते."

२४ मार्च, सोमवार

सकाळी धड्याला गेलो, पुस्तक नेलं नाही. बाईंना म्हटलं, आज भविष्यकाळ नको, भूतकाळ शिकवा, चूक कबूल करायला लागतो तेवढा. बाईंनी तीन वाक्यं लिहून दिली. जिन्यात म्हणत म्हणत उतरलो.

हॉटेलवर सूनबाईला बरोबर नेलं. घड्याळसाहेबांच्या खोलीत नव्या रंगाचा वास आणि खुर्च्यांवर अजून प्लॅस्टिक. त्यांनी मनगटाकडे बघितलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, आय कट द क्लॉथ राँग. ऑल लेफ्ट. इट वॉज माय मिस्टेक." ही बाईंची तीन वाक्यं संपली. पुढचं कुणी लिहून दिलं नव्हतं. मी सूनबाईकडे बोट दाखवलं. "शी इज द मास्टर. नॉट मी. शी सेव्ह्ड. यू आस्क हर."

साहेबांनी नमुना अंगात घातला, आरशासमोर पुढून-मागून वळले, आणि पहिल्यांदाच घड्याळ न बघता हसले. आधीच्या नमुन्यापेक्षा हे आवडलं म्हणाले, एवढं मला समजलं. गुरुवारी मिळतील ना, असं विचारलं. माझ्या जिभेवर 'येस' आलंच होतं. सूनबाई शांतपणे म्हणाली की गुरुवारी नाही, शुक्रवारी संध्याकाळी पाचला. हॉटेल शनिवारी उघडतंय. साहेबांनी विचार केला आणि वहीत लिहून घेतलं. 'नाही' म्हटल्यावर गिऱ्हाईक वहीत लिहून घेतं, हे मला नवीनच होतं.

येताना रस्ता ओलांडताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही असं का बोललात?" मी म्हटलं, खरं होतं म्हणून. तिने माझा हात धरला होता, ते मोटारींमुळे असेल.

२५ मार्च, मंगळवार

कालपासून मनात होतं, आज धीर करून विचारलं. "सूनबाई, फॅक्टरीत जाऊ नकोस. काटिंग तुझं, दुकान तुझं. राहशील?" वाक्य मी सकाळपासून घोकलं होतं, आपल्याच भाषेत.

ती काज करत होती. वर न बघता म्हणाली, "बघू."

२६ मार्च, बुधवार

झोप नाही. जेवण जात नाही. पस्तीस वर्षं लोक माझ्या दुकानातून असेच घरी जात असतील का? एखाद्याच्या मुलाखतीचा शर्ट असेल, एखादीची शाळेची पहिली सभा असेल, आणि मी म्हणायचो, या हो, बघू. ज्यांचे-ज्यांचे कपडे लोंबकळत आहेत त्यांची यादी केली. पान पुरलं नाही.

बाईंना विचारलं, तिने जायचं पक्कं ठरवलं असेल तर? बाई म्हणाल्या, "मास्तर, ठरलेलंही माणसं बदलतात. व्याकरणाला ते चालतं. तुम्ही फक्त तिला ढकलू नका, आणि अडवूही नका."

२८ मार्च, शुक्रवार

पाच वाजायला दहा मिनिटं असताना चाळीस जाकिटं हॉटेलच्या दारात. मी बटणं लावली, सगळी मी, हाताने चाचपून. साहेबांची गाडी आम्हाला सोडायला आली. इतक्या वर्षांत ठरल्या वेळेच्या आधी पोचायची ही माझी पहिलीच वेळ. दहा मिनिटं काय करावं ते कळेना, म्हणून तिथेच उभा राहिलो.

फॅक्टरीचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही. ढकलायचं नाही, अडवायचं नाही, हे लिहिणं सोपं आहे.

३० मार्च, रविवार

सकाळी चहाच्या वेळी सूनबाई म्हणाली, "बाबा, काल रात्री यांच्याशी जहाजावर बोलणं झालं, आणि मग मी फॅक्टरीवाल्यांना कळवलं की येत नाही." ही रडायला लागली. मीही लागणार होतो, पण ती पुढे म्हणाली, "पण माझ्या अटी आहेत."

पहिली, काटिंग तिचं. मान्य. दुसरी, गिऱ्हाइकाला तारीख तिने द्यायची, मी तोंड उघडायचं नाही. जड गेलं, पण मान्य. तिसरी, गुरुवारी साडेदहाला मला तिच्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचंय. वेळ घेऊन झालीय.

मी म्हटलं, "डोळ्यांचं बघू."

ती आणि ही, दोघी एकदम माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी म्हणालो, गुरुवारी साडेदहा.

३ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. वरच्या दोन ओळी मी खणखणीत वाचल्या. तिसऱ्या ओळीचं म्हटलं, दिवा मंद आहे. सूनबाई हसू दाबायला भिंतीकडे वळली. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, पुढच्या महिन्यात काढायचा. तोवर दुसऱ्या डोळ्यासाठी जाड चष्मा. "दोन वर्षांपूर्वीच यायला हवं होतं, आजोबा," म्हणाल्या. आजोबा शब्द सोडला तर बाई भल्या वाटल्या.

८ एप्रिल, मंगळवार

चष्मा आला. दुकानात आल्या आल्या दिवा केवढा लखलखीत आहे ते दिसलं. हिने लावलेला तिसरा दिवा शहाण्यासारखा जळतोय.

दुपारी नेहमीप्रमाणे वही घेऊन टेबलाशी बसलो. दोन वाक्यं लिहिली. मग हाताकडे लक्ष गेलं. अंगात राखाडी शर्ट आहे, दीड-दोन वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी शिवलेला. बाहीच्या टोकाची शिवण डोळ्यांजवळ नेली. प्रत्येक शिंप्याचा दोरा संपवायचा एक ढंग असतो. माझे शेवटी तीन उलटे टाके असतात. इथे दोन होते, आणि एक बारीक तिरका. त्याच्या बाजूला कापडात जुन्या सुईची भोकं, वाकडी, माझी. कुणीतरी माझी शिवण उसवून सरळ घातली होती.

कपाट उघडलं. चिरंजीवाचा शर्ट, हिची दोन झंपरं, न्यायला न आलेली गिऱ्हाइकांची पाच पँटी. सगळीकडे दोन उलटे टाके आणि एक तिरका. म्हणजे हे इंग्रजीपासूनचं नाही. दोन वर्षं, दुपारी मी आत घोरत पडलेला असताना, ती माझं नाव सांभाळत बसली होती. आणि गिऱ्हाईक कपडा घेऊन गेलं की मी हिला म्हणायचो, बघ, माझ्या हाताची सर कुणाला येत नाही. सूनबाई शेजारी बसून काजं करत असायची. एकदाही म्हणाली नाही. कालही नाही, मी चष्म्याशिवाय चाचपत होतो तेव्हाही नाही. मला रडू येतंय, आणि नवीन चष्म्याच्या काचा ओल्या होताहेत.

तिला काय म्हणायचं ते इथे नीट लिहून काढायचं ठरवलं होतं, पाच वाक्यांत. नाही जमत. ती समोरच्या दुकानात बटणं आणायला गेलीय. तिची उन्हाची छत्री दाराशी दिसली, परत आली वाटतं. वही बंद करतो. हे उद्यावर टाकायचं नाही.